ती गरी जावयाची नव्हे

अन्याय माझ्यावर झाला. गिरण्यांचा संप मोडला त्याच्या पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, भर दुपारी, विक्रोळीच्या आमच्या चाळीत, आमच्याच दारात, शेजाऱ्यांच्या देखत. करणारे दोघे होते. माझे वडील आणि माझ्या ताईचा नवरा. वडिलांनी तोंड उघडलं म्हणून, आणि भावोजींनी उघडलं नाही म्हणून.

संघटनेत पत्रकं लिहायला बसलं की आम्हा मुलींना हेच सांगतात : कोणावर, कधी, कुठे ते आधी लिही, रडारड नंतर. म्हणून तसंच लिहिलं. मुद्दा मासे पकडायच्या गरीचा, म्हणजे गळाचा आहे. हसू नका.

बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर त्यांनी हाताला लागेल ते काम केलं, पण रविवार त्यांनी आधीही आणि नंतरही कुणाला दिला नाही. रविवारी हायवे ओलांडून, मिठागराच्या बांधावरून, तिवरांच्या कडेने ते खाडीवर जायचे आणि गरी टाकून बसायचे. सोबत एक पत्र्याचा डबा. त्यात दोरी, शिसं, गऱ्या. लहानपणी तो डबा माझ्याकडे असायचा. बाबांच्या डाव्या हाताला बांधावर एक सपाट दगड होता, ती माझी जागा. दोरीला झटका बसला की बाबा ओरडायचे नाहीत, नुसतं कोपराने मला ढोसायचे. तो ढोसा मला अजून बरगडीत आठवतो.

मग मी मोठी झाले. म्हणजे काय झालं ते बायकांना सांगायला नको. त्या रविवारी मी डबा उचलला तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बायलमाणसाचो हात गरीक लागलो काय मासो पाठ फिरयता," ते म्हणाले. "तू घराकडे रव."

म्हणजे आदल्या रविवारपर्यंत माशांना माझं काही वाटत नव्हतं, आणि एका आठवड्यात खाडीभर बातमी पसरली.

आणि गंमत ऐका. गरीला लावायची कोळंबी सोलायची कोणी? मीच. आमिष बाईच्या हातचं चालतं. ते मासा खातो, तिथे त्याला विटाळ नाही. गरी तेवढी चालत नाही. हे मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुका काय कळता त्यातला?"

मला कळत होतं. बाबा रिकाम्या हाताने का येतात ते चाळीत फक्त मला कळत होतं, कारण उरलेलं आमिष परत माझ्याच परातीत यायचं. गरीची दांडी सरळ आणि गुळगुळीत. तिच्यावर ओवलेली कोळंबी पाण्यात मऊ पडली की घसरत खाली यायची आणि वाकाच्या खळग्यात गोळा होऊन टोकच झाकून टाकायची. मासा चावला तरी टोक त्याला लागणार कसं? आणि लोंबणारी कोळंबी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आरामात तोडून न्यायच्या. दोरी वर ओढली की गरी चाटूनपुसून साफ. आई म्हणायची, "तुम्ही खाडीतून जेवण आणायला जाता की खाडीला जेवू घालायला?"

बाबा याचा दोष कोळंबीला द्यायचे, अमावास्येला द्यायचे, बांधावरच्या बडबड्या माणसांना द्यायचे. गरीला कधीच नाही. गरी आजोबांच्या वेळेपासून तशीच होती ना!

मी ठरवलं की आमिष न सोडणारी गरी करायची. का? समाजासाठी वगैरे नाही. बाबांनी ती हातात घेऊन विचारावं, कोणी केली, आणि मी सांगावं, आणि त्यांनी डबा परत माझ्याकडे द्यावा, म्हणून. हेतू इतका स्वार्थी होता आणि मला त्याची लाज नाही.

डब्यातल्या गंजक्या गऱ्या बाबा टाकून द्यायचे, त्या मी उचलल्या. गॅलरीत बालदी भरून ठेवली. गरीवर कोळंबी ओवायची, पाण्यात सोडायची, आणि चिंबोरीसारखी दोन बोटांनी ओढून बघायची.

"काय गं, बालदीत मासे पकडतेस?" शेजारच्या काकू विचारायच्या. "एखादी सुरमई लागली तर आम्हालाही तुकडी दे हो."

"देते, देते. आधी बालदीला भरती येऊ दे."

पहिल्यांदा दांडीला शिवणाचा दोरा गुंडाळला. कोळंबी धरून राहिली, पण दोरा भिजून सैल झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटला की आईने बालदीसकट मला बाहेर काढलं. मग कानशीने दांडीवर खाचा पाडल्या. ओढून बघितली तर गरी खाचेतच मोडली.

उत्तर मिळालं ते ताईच्या डोक्यात. तिच्या लग्नाआधीची गोष्ट. केळवणाला जायचं म्हणून मी तिचा आंबाडा बांधत होते. आमच्याकडे दोन प्रकारचे आकडे होते, काही सरळ पायांचे, काही नागमोडी. सरळ आकडा खोचला की तिने मान हलवताच बाहेर. नागमोडी आकडा केसांत असा बसतो की ओढून काढताना माणूस किंचाळतो. मी तो आकडा हातात घेऊन बघतच राहिले. दांडीला तीन-चार वळणं दिली की झालं! वजन नाही, खाच नाही, दोरा नाही. कोळंबीचं मांस प्रत्येक वळणाला अडणार.

"आंबाडा बांधतेस की नाही?" ताई ओरडली. "माझी मान मोडली इथे."

गरी थंड वाकवली तर तुटायची. म्हणून स्टोव्हवर लाल करून पकडीने वळणं दिली. बालदीत ओढून बघितली. कोळंबी फाटली पण सुटली नाही. त्या शनिवारी ती गरी मी बाबांच्या डब्यात इतर गऱ्यांमध्ये टाकून दिली, कोणाला न सांगता.

रविवारी बाबा पाय आपटत घरी आले. गरी लागली होती. कोळंबी टिकली होती. जिताडा, चांगला हातभर लांब, अडकला होता. आणि त्याने एक हिसका दिला तशी गरी सरळ झाली.

"सुई झाली ही, सुई!" बाबांनी ती आईच्या पुढ्यात टाकली. "कपडे शिव आता हिच्यान."

मला तेव्हा माहीत नव्हतं की लाल करून नुसतं निवायला ठेवलेलं पोलाद मऊ पडतं. ते सांगितलं भावोजींनी. ताईचं लग्न होऊन ती मागच्याच गल्लीत राहायला गेली होती. भावोजी जवळच्या कारखान्यात टूलरूमला होते. घाटावरचा माणूस, मासा फक्त ताटात बघितलेला. बाबा त्यांना बांधावर कधी नेत नसत आणि त्यांच्या माघारी हसायचे, "जावयाक बोंबील आणि सुरमई एकच."

मी केसाचा आकडा त्यांच्या हातावर ठेवला, सुई झालेली गरी दाखवली आणि सगळं सांगितलं.

"आकार झकास आहे," ते म्हणाले. "पण पाणी कुठे दिलंस? वाकवून झाली की परत लाल करायची आणि तेलात बुडवायची. मग थोडी शेकायची, नाहीतर काचेसारखी फुटेल. दे इकडे."

त्यांनी चार-पाच गऱ्या करून आणल्या. काम सुरेख होतं, मी नाही म्हणत नाही. वळणं एकसारखी, टोक धारदार. आणि मी, मूर्ख, त्यांना म्हटलं, "बाबांना तुम्हीच द्या. माझ्या हातातून घेणार नाहीत."

त्यांनी दिल्या, बाबांनी पहिल्यांदाच त्यांना बांधावर नेलं, आणि सुरुवातीला सांगितला तो रविवार हाच. दुपारी बाबा आले तेव्हा सगळी गॅलरी बाहेर आली. जिताडा त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता. मागून भावोजी डबा घेऊन. माझा डबा. बाबांनी दारात उभं राहून मासा उचलला आणि पलीकडच्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं :

"माझ्या जावयान केलेली गरी! घाटारचो असलो तरी डोक्या बघा तेचा!"

मी भावोजींकडे बघितलं. आता बोलतील. आता म्हणतील.

ते हसले. नुसते हसले, आणि चपला काढायला वाकले.

"डोकं कोणाचं?" मी म्हटलं.

"गप गं," ताई दंडाला चिमटा काढत म्हणाली. "आज कुठे बाबा त्यांच्याशी धड बोलतायत."

जेवताना मधली तुकडी जावयाच्या ताटात गेली. मला शेपटीकडची आली, काट्यांनी भरलेली. मी ती खाल्ली नाही.

त्यानंतर दर रविवारी मी गॅलरीतून दोन पाठी बघायचे. बाबांची आणि त्यांची. बाबा चालता चालता हात हलवून काही सांगायचे, भावोजी मान डोलवायचे. पाठ इतकी ओळखीची असू शकते आणि इतकी परकी, हे मला तेव्हा कळलं. लोक मत्सर म्हणतात. म्हणू देत. सपाट दगडावर बसलेला माणूस तुमची जागा खातोय हे दिसत असताना जळायचं नाही, तर काय टाळ्या वाजवायच्या? बांधावरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडून तशा गऱ्या करून घेतल्या. नाव पडलं जावयाची गरी. घाटकोपरच्या बाजूची माणसंही याच नावाने मागायला येऊ लागली.

मी चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, "जावयाच्या गरीला वळण कोणी दिलं? विचारा!" दुसऱ्या दिवशी ते पुसून तिथे पाणी किती वाजता येणार ते लिहिलेलं होतं.

मग एका संध्याकाळी भावोजींना जिन्यात गाठलं.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"खरं का नाही सांगितलं?"

"अगं, सांगितलं असतं तर बाबांनी ती खाडीत भिरकावली असती. बाईचा हात लागलेली. तुला गरी चालायला हवी होती की नाव हवं होतं?"

"दोन्ही."

त्यांनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, "लग्नाला वर्ष होत आलं. पहिल्यांदा त्यांनी मला शेजारी बसायला जागा दिली. ती घालवून कसं सांगू?"

"ती जागा रिकामी नव्हती, भावोजी."

त्यांना ते कळलं. चेहऱ्यावरून कळलं. पण कळणं आणि सांगणं यांत बराच जिना आहे, आणि ते तिथून खाली निघून गेले.

म्हणून मीच सांगितलं. जेवताना. "बाबा, ती गरी माझी आहे. आंबाड्याच्या आकड्यावरून मी काढली. भावोजींनी पाणी दिलं, बाकी सगळं माझं. इतके रविवार तुम्हाला बाईच्या हातच्या गरीला मासा लागतोय."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने पाण्याचा तांब्या उगाच सरकवला. पुढच्या रविवारी बाबांनी नागमोडी गऱ्या डब्यातून काढून खिडकीत ठेवल्या आणि जुन्या सरळ गऱ्या घेऊन गेले.

रिकामे आले. त्याच्या पुढच्या रविवारीही रिकामे. आईने डाळ वाढली. मी उरलेली कोळंबी परातीत मोठ्याने ओतली. असे काही रविवार गेले. मग एका सकाळी खिडकीत गऱ्या नव्हत्या. दुपारी शिंगाळे मासे आले, पिशवीभर. बाबांनी पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. वाटलं, आता बोलतील.

"साफ कर," ते म्हणाले. आणि बाहेर गॅलरीत कोणीतरी विचारलं तसं उत्तरले, "जावयाच्या गरीक लागले."

म्हणजे मासा बाईच्या हाताला पाठ फिरवत नाही, हे त्यांनी स्वतः तपासून बघितलं. पुरावा त्यांच्याच पिशवीत होता. तरी नाव तेच, आणि दगडावर भावोजीच.

मला आता पुरावा द्यायचा नाही. दिलाय. त्यांच्या मनाची वाट बघायची नाही. बघितलीय. माझ्याकडे स्वतःची दोरी आहे, स्वतःच्या गऱ्या आहेत, आणि आता तेलात पाणी द्यायलाही मी शिकले आहे.

तेव्हा तुम्हाला सांगते. तुम्ही गरी टाकत असाल, तर ती मागताना चेडवाची गरी म्हणून मागा, म्हणजे मुलीची. दुकानदाराला कळलं नाही तर समजावून सांगा. तुमच्या घरची मुलगी कोळंबी सोलत बसली असेल तर डबा तिच्या हातात द्या आणि तिला सोबत न्या. आणि येत्या रविवारी, भरतीचं पाणी फिरलं की, बाबांच्या डाव्या हाताच्या त्या सपाट दगडावर जो कोणी बसला असेल त्याने सरकावं. भावोजी, तुम्हीसुद्धा सरका. मी येतेय.