कॉफीच्या मळ्याची मालकीण

ब्राझीलच्या एका जुन्या कादंबरीवर टीव्हीसाठी काहीतरी करायचं म्हणून मुंबईचा एक दिग्दर्शक खामगावात आला, तेव्हा गावात टीव्ही मोजक्याच घरी होते. कॉफीच्या मळ्याचा मालक आणि त्याची बायको, अशी ती गोष्ट. पण मळा नाही, बंगला नाही. सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या शेडमध्ये कापसाच्या गाठी रचायच्या आणि त्यांवर उभं राहून नटांनी स्वतःबद्दलच 'तो म्हणाला', 'ती उठली' असं बोलायचं. याला प्रायोगिक म्हणतात म्हणे! मला पोरखेळ वाटला. तरी मालकिणीचं काम मला विचारलं, तेव्हा ते मनापासून हवंसं वाटलं. शाळेत मास्तरीण होते, गणपतीतली नाटकं केली होती.

अडचण एकच. मी विधवा, सासूबाईंजवळ राहणारी. दिग्दर्शक म्हणाला, मालकीण ब्राझीलची असली तरी तिचं कपाळ मोकळं दिसलं, तर आपले लोक नवरा आधीच मेला असं धरून चालतील. कुंकू लावावंच लागेल.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "लोक काय म्हनतीन? माह्या पोराले जाऊन किती दिस झाले?"

मग अबोला. मीही हट्टी, वाढायची आणि गप्प बसायची. शेवटी त्याच म्हणाल्या, "जाय. कोनी बोललं तं मी पाहून घेईन." आणि घेतलंही. पिठाच्या गिरणीवर बाया कुजबुजल्या, तर "तुमच्या घरचं कुंकू नेलं का तिनं?" असं सुनावून आल्या.

शेडमध्ये कुंकू लावून आरशात पाहिलं आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. घरी निघण्याआधी मी ते पुसून टाकायची.

टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी शेजारच्या घरी सासूबाई सगळ्यांच्या पुढे बसल्या. माझे हात दिसले, पाठ दिसली, गाठींवरची सावली दिसली. तोंड नाहीच! मालकीण चेहऱ्याविना ठेवायची, असं दिग्दर्शकाला मागाहून सुचलं होतं. मला असा संताप आला. शेजारीण म्हणाली, "सुटली बाई, कोनाले काही दिसलं नाही."

आम्ही घरी आलो. कुलूप काढताना सासूबाई म्हणाल्या, "कुंकू काही दिसलंच नाही."

"बरंच झालं ना, आत्याबाई," मी म्हणाले.

"काय बरं झालं? म्या तुले जाऊ कायले देल्लं मंग? मले पाहाचं होतं एक डाव."