नदीवाले सर

नदीवाले सर भेटले की आधी माणसाच्या पायांकडे बघत. पाणी तपासणीच्या प्रशिक्षणाला जिल्ह्यातले आम्ही तीसेक शिक्षक जमलो होतो, बहुतेक इस्त्रीच्या कपड्यांत. "बूट काढा आणि चला," एवढंच म्हणून ते खाम नदीच्या पात्रात उतरलेही. काही जण पुलावरच थांबले. त्यांना सरांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. संध्याकाळी त्यांची हजेरीही लावली नाही.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. अंदाजानं बोललेलं त्यांना खपत नसे. कुणी "पाणी स्वच्छ दिसतंय, सर," म्हणालं की ते म्हणत, "दिसतंय ते डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा. मला बाटली दाखवा." पाण्यात मैला मिसळला असेल, तर चाचणीची बाटली एक-दोन दिवसांत काळी पडायची. तशी पडली की घरातलं कुणी आजारी असावं तसा सरांचा चेहरा व्हायचा.

वैजापूरकडच्या एका बाईंना पाण्याची भीती होती. सर अर्धा दिवस त्यांच्यासोबत काठाकाठानं चालले, वांग्याच्या भाजीबद्दल बोलत. दुपारी बाईंनीच गुडघाभर पाण्यात जाऊन नमुना भरला.

गावी परतल्यावर मी शाळेच्या नळाचं पाणी तपासलं. बाटली काळी पडली. सरांना फोन केला, तर ते दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं हजर. त्यांनी पुन्हा नमुने घेतले, टाकीपासून शाळेपर्यंत पाइपलाइन चालत पाहिली. ती संडासाच्या शोषखड्ड्याला लागून गेली होती आणि तिथंच फुटली होती. नमुने काळे पडल्यावर सरांनी जिल्हा परिषदेला अर्ज लिहिला. खाली त्यांची सही, तिच्याखाली माझी.

ती लाइन सरपंचांनी नुकतीच टाकून घेतली होती. ते शाळेत आले. "लई शिकून आलात, गुरुजी. आता बदलीच्या गावचं पाणी बी तपासा." ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. बायकोला सातवा महिना होता. ही सबब आहे, मला माहीत आहे. बाटल्या स्वच्छ नव्हत्या आणि सही मी सरांच्या आग्रहाखातर केली, असं मी लिहून दिलं.

त्या कागदावरून सरांनी अफवा पसरवली असं ठरलं. त्यांची शिबिरं बंद झाली.

पावसाळ्यात गावात कावीळ आली. माझ्या वर्गातली सुमन त्यात गेली. मग आठ दिवसांत पाइप बदलला. आमच्या अर्जाचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शहरात सरांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं. सुमनचं सांगितलं आणि म्हणालो, "सर, माझं चुकलं."

त्यांनी विचारलं, "त्या मुलीच्या आईला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी उठलो. दोन वर्षांनी सर गेल्याचं कळलं.

सुमनचं घर शाळेपासून चौथं आहे. तिची आई अजून रस्त्यात भेटली की पदर सावरून "नमस्कार, गुरुजी" म्हणते. मी नमस्कार करतो आणि पुढं जातो.