टाकला नाय, बसवला

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब आहे, राग आवरा. त्यांना एकदा तो क्लब दाखवायला हवा.

बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक खाजगी गोल्फ क्लब आहे. तेव्हा तो माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. फाटकावर पाटी गोल्फची, पण काठी घेऊन खेळणारे क्वचितच दिसायचे. माडीचा आख्खा मजला एका नेत्याच्या विश्रांतीसाठी राखून ठेवलेला. शनिवार-रविवार लाल दिव्याच्या पांढऱ्या गाड्यांची रीघ, आणि त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करायला माझेच शिपाई उभे. मी हवालदारापासून खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झालो होतो. कोणाच्या चिठ्ठीवर नाही. म्हणून तो बंदोबस्त जास्त झोंबायचा.

क्लबच्या जमिनीच्या मधोमध एका उंबराखाली गावदेव होता. शेंदूर लावलेला हातभर दगड आणि फांदीला टांगलेली घंटा. आजूबाजूची शेतं विकली गेली, देव कोणी विकला नव्हता. फाटकापासून उंबरापर्यंत गावाची पायवाट होती.

एका सकाळी एक आगरी शेतकरी ठाण्यात आला. हातात हळदीकुंकवाची पुडी आणि अक्षता.

"साहेब, आमचा देव नेला."

"मूर्ती चोरीला गेली का?"

"मूर्ती नाय, देव. पोरीचं लगीन हाय. पहिली अक्षत देवाला द्याची असते, मग बाकीच्यांना. मना फाटकाशीच अडवला. मॅनेजर बोलतो, कंचा देव? इथं काय नव्हताच."

पुढच्या आठवड्यात लग्न होतं. देवाला अक्षत दिल्याशिवाय तो मांडव घालणार नव्हता. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि क्लबवर गेलो. उंबर होता. खाली नवी हिरवळ अंथरलेली, घंटा गायब.

"सर, यहाँ पहले से ग्रीन ही है," मॅनेजर म्हणाला. "गाववाले पैसा निकालने का बहाना ढूँढते हैं."

मी दोन दिवस जबाब घेतले. मॅनेजरपासून सुरक्षारक्षकांपर्यंत सगळ्यांचं पाठांतर एकच. मग ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही, पण मागे गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. ती एवढंच म्हणाली, "तळ्याच्या काठी नारळ कोण फोडतो ते बघा," आणि फोन ठेवला.

क्लबच्या तळ्याशी गालिच्यासारख्या गवतात नारळाची ताजी करवंटी सापडली. साहेबलोक गोल्फ खेळताना नारळ फोडत नाहीत. क्लबच्या कामगारांत शेजारच्या गावचा एकच आगरी होता, जेसीबी चालवणारा. त्याला ठाण्यात आणला.

इथे माझी जुनी विद्या कामी आली. पोलीस होण्याआधी मी उल्हासनगरच्या बाजारात हातगाडीवर कपडे विकायचो. तिथल्या एका सिंधी शेठनं मला शिकवलं होतं, "माल चाहिए तो पहले माल को गाली दे. कीमत मालिक खुद बोलेगा." पोलीस प्रशिक्षणात मला याहून चांगलं काही कोणी शिकवलं नाही.

मी चालकाला चहा दिला आणि फाईल चाळत म्हणालो, "त्या धोंड्याची खडी केलीस ना?"

"मना काय म्हाईत नाय साहेब."

"बरोबर आहे. खडी करायलाही मेहनत लागते. कचऱ्याच्या डंपरमध्ये टाकला असशील."

त्यानं कप खाली ठेवला. मान खालीच.

"की तळ्यात टाकलास? धोंडाच तो. दिला फेकून."

"टाकला नाय!" तो उभाच राहिला. "बसवला! नारल दिला, इचारला, मंग बसवला. तोंड उगवतीला हाय त्याचा!"

त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि तो मटकन खाली बसला.

पुढचं सगळं त्यानं सांगितलं. हुकूम मॅनेजरचा होता. कारण? माडीवर नेते सकाळचा चहा घ्यायचे तेव्हा गावकऱ्यांच्या घंटेचा त्रास व्हायचा. एवढंच! एका माणसाच्या चहासाठी आख्ख्या गावाचा देव पाण्यात. दगड फोडून टाक, असंही सांगितलं होतं. यानं फोडला नाही. तळं रिकामं असताना तळाशी बसवला. पाणी भरल्यावरही काठावर नारळ फोडत राहिला.

त्याच दुपारी मला माडीवर बोलावणं आलं.

"बसा, चहा घ्या," नेते म्हणाले. "एका दगडासाठी एवढी धावपळ? तुम्हाला ठाणं कुठलं हवंय ते बोला."

"मला वाट हवीय."

"कसली वाट?"

"फाटकापासून उंबरापर्यंतची. कायमची उघडी."

ते हसले. "स्वस्तात मागताय."

"उद्या सकाळी तळं उपसून पंचनामा करणार. गाव जमणार, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. तुमच्या तळ्यातून देव निघेल तेव्हा फाटक उघडं बरं दिसेल की बंद, ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी कप बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी फाटक उघडं होतं.

तळ्यातला चिखल उपसला. देव निघाला, तोंड पूर्वेला. कायद्यानं तो मुद्देमाल, म्हणून ठाण्यात आणावा लागला. चोरीच्या मोटारसायकलींशेजारी ठेवून त्याला चिठ्ठी चिकटवताना माझ्या हवालदारानं बूट काढले. कोर्टाचा आदेश घेऊन मी देव फिर्यादीच्या ताब्यात दिला. गावानं तो पुन्हा उंबराखाली बसवला, फांदीला नवी घंटा टांगली. मुलीच्या लग्नाची पहिली अक्षत उंबराखालीच पडली.

आणि मग माझी बदली झाली. नियंत्रण कक्षात, फोन उचलायला.

माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं दोषारोपपत्र पाठवलं. त्यात आरोपी एकच, जेसीबीचा चालक. मॅनेजर साक्षीदार झाला. देव निघाल्यावर खरं बोललेले सुरक्षारक्षक पुन्हा जबाबातून फिरले. माडीचा तर उल्लेखच नाही. ज्या एका माणसानं देवाला विचारलं, तोच तेवढा गुन्हेगार ठरला. हे वाचून मी कागद भिरकावला होता, तो राग अजून उतरलेला नाही.

अटकेनंतर त्या चालकाच्या जामिनाला क्लबमधून कोणी आलं नव्हतं. सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिला तो फिर्यादी. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "काका, तुमच्याच आरोपीला जामीन?"

"साहेब," तो म्हणाला, "त्यानं सांगितल्यापरमानं फोडला असता, त पोरीची अक्षत मी कुठं दिली असती?"

माणसाची खरी किंमत त्याला काय विचारलं यावरून कळत नाही. त्याला कोणता शब्द सहन होत नाही, त्यावरून कळते. चालकाला 'टाकला' सहन झाला नाही. माडीवरच्या माणसाला घंटा सहन झाली नाही. एवढा हिशेब मला पुरतो.

आता उंबराखाली संगमरवरी चौथरा आहे. त्यावर नेत्यांचा हसरा फोटो आणि 'आमच्या प्रयत्नांतून' असा फलक. मी अधूनमधून तिथे जातो. फलकाकडे बघत नाही. नारळ देतो आणि घंटा वाजवतो, हात दुखेपर्यंत. वेळ मात्र बघून जातो. माडीवर सकाळचा चहा असतो तेव्हाची.