दोघांच्या सहीचा करार

“सही दोघांची असते,” असं म्हणून सर पेनाचं टोपण काढायचे. आधी स्वतः सही करायचे आणि मग पेन दोन्ही हातांनी समोरच्या मुलाला द्यायचे. चौथीतल्या मुलाला असं पेन आजवर कुणी दिलेलं नसायचं. ते मूल आपोआप ताठ बसायचं.

करावे गावाजवळच्या आमच्या शाळेत माझा तिसरीचा वर्ग आणि सरांचा चौथीचा. मध्ये एक भिंत. सर नांदेडकडचे, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले, नेरूळला भाड्याच्या खोलीत राहायचे. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर आधी दिसली असती ती त्यांची काळजी. चहा समोर निवत असायचा आणि हे दाराकडे बघत बसलेले. “मॅडम, ते मागच्या बाकावरचं लेकरू आज बोललंच नाही बघा.” हे रोजचंच.

जी मुलं अभ्यासाला हातच लावत नाहीत, त्यांच्याशी ते करार करायचे. मुलानं काय करायचं आणि बदल्यात सरांनी काय द्यायचं, एवढंच कागदावर. कुणी घंटा वाजवायला मागायचं, कुणी खेळाच्या तासाला पहिली बॅटिंग. सरांची मागणी लहानशी असायची. “जास्त मागितलं की लेकरू पहिल्याच दिवशी हरतं, मॅडम.”

हर्षाली मात्र काही मागेना. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत यायची, बाकावर डोकं टेकायची आणि दप्तरसुद्धा उघडायची नाही. ओरडून झालं, समजावून झालं. सरांनी कागद पुढे ठेवला तेव्हा ती आधी त्याची कड दुमडत बसली. मग म्हणाली, “मधल्या सुट्टीत घरी फोन लावून द्याल?”

“कुणाला?”

“आईला. ती उचलते का, तेवढंच बघायचं हाय.”

हळूहळू कळलं. आईला फीट यायची. सुट्टीत एकदा हर्षाली खेळून घरी आली, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. वडील टेम्पो घेऊन पहाटेच बाहेर पडायचे. दिवसभर आई घरात एकटी, आणि ही इथे बाकावर. तिच्या डोक्यात गुणाकार शिरणार कुठून?

करार ठरला. तिनं धडा वाचून पाच ओळी लिहायच्या, सरांनी मधल्या सुट्टीत आपल्या मोबाइलवरून फोन लावून द्यायचा. सही करायच्या आधी तिनं विचारलं, “आनि तुमी इसरलात तं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “तर मी बाकावर उभा राहीन. लिही तसं.”

आमच्या मोठ्या बाईंना हे पटलं नव्हतं. “उद्या सगळाच वर्ग फोन मागेल.” सर खाली मान घालून म्हणाले, “सगळ्यांना नाही लागत, मॅडम. हिला लागतो.”

हर्षाली लिहू लागली. अक्षर किरटं, पण पाच ओळी पुऱ्या. सुट्टीत ती फोन कानाला लावायची, “जेवलीस? गोली घेतलीस?” एवढंच विचारायची आणि डबा उघडायची. फोन वाजत असायचा तेवढा वेळ सर आपला अंगठा दाताखाली धरून उभे असायचे.

एक दिवस शाळेची तपासणी होती. साहेबांनी सरांना कार्यालयात बसवून घेतलं, एकेक फाइल काढायला लावली. मधली सुट्टी झाली, संपली. हर्षाली वही घेऊन माझ्या दारात आली.

“बाई, सर कुटं हायत? माजं लिहून झालं.”

तिच्या आईचा नंबर सरांच्या फोनमध्ये होता. मी कार्यालयाच्या दाराशी गेले. मला बघताच सरांचा चेहरा पडला. साहेबांचं वाक्य अर्धवट सोडून ते उठले आणि व्हरांड्यातच फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच घंटी.

“मॅडम, वर्ग बघा,” म्हणून ते स्कूटरकडे धावले. साहेब मागून काहीतरी विचारत होते. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “जाऊ द्या त्यांना. मी दाखवते फाइल.”

हर्षाली कठड्याला धरून उभी राहिली. वेणीचं टोक तोंडात. बस म्हटलं तर बसेना, पाणी दिलं तर घेईना. “बाई, ती झोपली असंल ना?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

शेवटी माझा फोन वाजला. “मॅडम, मोरीत पडल्या होत्या. कपाळ फुटलंय. शेजाऱ्यांना घेऊन दार उघडलं, आता दवाखान्यात आहोत. शुद्ध आलीय. लेकराला द्या फोन.”

मी दिला. मला फक्त हिचंच ऐकू येत होतं. “हां... डोले उघडलं का?... माजं नाव घेतलं?” आणि मग ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

आईच्या कपाळाला टाके पडले, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर सर पुढच्या बाकावर चढले आणि उभे राहिले. भिंतीपलीकडचा वर्ग इतका गप्प झाला, की मी दाराशी जाऊन पाहिलं. सरांचं डोकं पंख्याच्या जवळ, नजर खाली. कुणी हसत नव्हतं. हर्षाली उठली, त्यांच्या पॅन्टची कड ओढून म्हणाली, “उतरा ना सर. आई बरी हाय.”

त्यानंतर शेजारच्या काकू अधूनमधून आईकडे डोकावू लागल्या. आईच्या फिटा कमी झाल्या. सर रोजच्या ऐवजी एक दिवसाआड फोन लावू लागले, पण ज्या दिवशी नसायचा, त्या दिवशी ते स्वतःच अस्वस्थ. “मी घाई तर करत नाही ना, मॅडम?” मग एकदा हर्षालीच डबा उघडत म्हणाली, “आज नको सर, आमचा लंगडीचा डाव हाय.” सर माझ्याकडे आले आणि हे मला दोनदा सांगून गेले.

वर्ष संपायच्या आतच त्यांना गावाकडे कायमची नोकरी लागली. मुलांचा निरोप घेऊन झाला होता. नंतर एकदा ते उरलेले कागद न्यायला आले, तेव्हा त्यांच्या वर्गावर मी होते. ते बाहेर, खिडकीशी थांबले. हर्षाली शेजारणीशी एका गणितावरून हमरीतुमरीवर आली होती. “सात हातचे, सात!” तिचं खिडकीकडे लक्षच नव्हतं.

बोलावू का, असं मी खुणेनं विचारलं. सरांनी पटकन मान हलवली. नको.

थोडा वेळ ते तसेच बघत राहिले. मग हेल्मेट हातात घेऊन, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पावलं जपून टाकत, व्हरांड्यातून निघून गेले.