काकूंचे टमाटे आणि माझं ब्लँकेट

शेजारच्या काकूंच्या साड्या वाऱ्यानं टमाट्यांवर पडल्या असं समजून मी त्या घडी करून ओट्यावर ठेवल्या. काकू हिवाळाभर झाडांना पांघरूण घालतात, हे मी सोडून साऱ्या लाखनी गावाला माहीत होतं.

दिवेलागणीला काकू कुंपणाशी आल्या. "काहून जी भाऊ, लेकरं उघडी पाडली? आज गारठा लय हाय."

साड्या परत झाडांवर गेल्या, काकूंच्या घरातल्या गोधड्याही गेल्या. शेवटचा वाफा उरला, तेव्हा त्यांनी माझ्या अंगावरचं ब्लँकेटच ओढलं.

सकाळी गल्लीतल्या बाकी झाडांनी माना टाकल्या होत्या. काकूंची ताठ उभी होती. संक्रांतीला त्यांनी टोपलीभर लाल टमाटे दिले. "घ्या, तुमच्या ब्लँकेटखालचे."

चटणी चाखून बायको म्हणाली, "ब्लँकेट राहू द्या तिकडंच. तुमी स्वेटर घाला."