घरी घासलेली कवळी

म्हैसूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे शिंपी बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. घरात मराठी बोलतात एवढं कळलं आणि माझे ब्लाउज त्यांच्याकडे जाऊ लागले. कुणी घरी कात्री चालवून बिघडवलेला कपडा आणला, की ते आधी ओरडतात, मगच त्याला हात लावतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या तोंडात नवी कवळी दिसली. परवा गेले तर ती मशीनशेजारी पाण्याच्या पेल्यात होती. सवयीने दोरा तोंडाकडे जाई, मग आठवण होऊन ते कात्री शोधत. मला राहवेना.

"बसत नाही का नीट?"

"डाव्या बाजूला बोचत होती, अक्का. डॉक्टर म्हणालेले, बोचली तर घेऊन या, घासून देतो. म्हटलं, त्यांना सुम्ने, उगाच कशाला त्रास? जन्मभर लोकांचे कपडे मापात बसवले, हे काय मोठं? खडूने खूण केली, कानस घेतली आणि घासली."

"मग?"

"आता बोलताना खाली पडते. कापडाला आत मार्जिन तरी ठेवतो आपण."

"अहो, मग दाखवा की डॉक्टरांना!"

"ओरडतील हो," ते हळूच म्हणाले.

मी पिशवीतून ब्लाउज काढला. बाही सैल करायच्या नादात मीच ती घरी फाडून ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग एकदा पेल्याकडे पाहिलं, आणि न ओरडताच सुईत दोरा ओवला.