विहिरीतले वाळे

साखळी ओढली आणि तिच्यासोबत पायांची हाडं वर आली. गाळ काढणाऱ्या माणसांनी तो गोळा विहिरीच्या काठावर ठेवला, त्यावर पाणी ओतलं आणि मागं सरकले. चांदीचे वाळे होते, एका लोखंडी साखळीत अडकवलेले. साखळीच्या टोकाला गंजून दगड झालेलं कुलूप. एक वाळा इतका लहान, की त्यात माझी तीन बोटं कशीबशी बसली. मी तिथंच चिखलात बसले.

ही हाडं कुठल्या बायकांची, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. बीदरच्या गादीसाठी मारामाऱ्या चालल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचं घराणं देशमुखीचं. भालकीकडून फौज येतेय असं कळलं तेव्हा गढीतल्या बायकांनी अब्रूसाठी हातात हात धरून या विहिरीत उड्या टाकल्या. आमचा मूळपुरुष ज्वारीच्या पेवात उतरून बसला, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, म्हणून वाचला. पुढं नव्या सुलतानानं त्याला देशमुखी परत दिली. त्यानं दुसरं लग्न केलं आणि वंश चालला. लग्नाकार्यात आमचे पुरुष ही गोष्ट छाती फुगवून सांगतात.

म्हणून आमच्यात नव्या सुनेला या विहिरीवर नेतात. ती विहिरीची ओटी भरते आणि ओंजळभर पाणी पिते. सासू विचारते, पाणी कसं आहे? तिनं गोड म्हणायचं. पाणी मचूळ आहे, पहिल्यापासून. मीही गोड म्हटलं होतं, माझ्या सुनेनंही म्हटलं. सून आता नाही, त्यामुळं यंदा नातसुनेला विचारायचं ते मीच. पण विहीर आटलेली. तिच्या ओंजळीपुरतं पाणी लागावं म्हणून माझ्या मुलानं गाळ काढायला माणसं लावली. नातसून उदगीरची, शाळेत मास्तरीण. ती माझ्या शेजारीच उभी होती.

मुलगा म्हणाला, हे फौजेचं काम, बांधून ढकललं असेल. मी म्हटलं, लुटायला आलेला आधी चांदी काढून घेतो, मग काय करायचं ते करतो. चांदी तशीच आहे. मग म्हणाला, ऐन वेळी कुणी मागं फिरू नये म्हणून त्यांनीच बांधून घेतलं असेल. मी तो लहान वाळा त्याच्यापुढं धरला.

"हिनं बी सोताच बांधून घेतलं का?"

त्यानं मागं वळून पाहिलं. माणसं ऐकत होती. मग हळूच म्हणाला, "माय, लोकांत बोलू नको. हे झाकून टाकू. उद्याचं तेवढं होऊ दे."

उद्याचं म्हणजे ओंजळ.

दुपारपर्यंत तळाला पाणी झिरपलं. मुलानं बादलीभर वर काढून ठेवलं, निवळायला. नातसून त्या बादलीकडं बघत होती.

"आजी, मला प्यावं लागंल का?"

"न्हाई."

मी बादली लाथेनं आडवी केली. मुलगा म्हणाला, घराण्याची रीत मोडली. मी म्हटलं, मोडली.

पाणी मातीत जिरलं तरी आम्ही दोघी तिथंच होतो. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. फौज गढीत शिरली की बाहेरूनच निघून गेली, हे कुणीच कधी सांगत नाही. त्या दिवशी गढीतला एक पुरुष मेला असंही कुणी सांगत नाही.

नातसुनेनं विचारलं, मग कुलूप लावून जगलं कोण?

जगला तो पेवातला. आम्ही त्याच्या घरात नांदतो.